सांदीवरचं छप्पर

१

आमच्या मुर्रीत घर एकदाच बांधतात, पण छप्पर दरवर्षी बांधावं लागतं. कवेलूचं, म्हणजे कौलाचं, छप्पर जावयासारखं असतं. वर्षातून एकदा त्याची मनधरणी केली नाही, तर ते रुसतं, आणि नेमकं पाणी कोसळत असताना रुसतं. हिवाळ्यात वानरं उड्या मारून कवेलू फोडतात, उन्हाळ्यात वावटळ ती सरकवते. मृग लागायच्या आत सगळी उतरवून, झाडून, फुटकी बाजूला काढून पुन्हा रचावी लागतात. याला कवेलू फेरणं म्हणतात. ज्यानं फेरली नाहीत, त्यानं घरात बसून छत्री धरावी.

फेरायला माणसं दोन लागतात, एक वर आणि एक खाली. वरचा उन्हात असतो, त्याला फट दिसत नाही. खालचा अंधारात उभा असतो, त्याला उजेडाचा प्रत्येक ठिपका दिसतो. खालच्यानं बांबूची लांब कमची घ्यायची आणि जिथून उजेड येतो तिथून तिचं टोक वर काढायचं. वरच्यानं टोक पाहून तिथलं कवेलू नीट बसवायचं. मग कमची आत जाते आणि दुसऱ्या फटीतून निघते. बोलायची काही गरज पडत नाही, त्यामुळं नवरा-बायकोलाही हे काम मिळून करता येतं.

मी उदाराम. व्हर्नाक्युलर फायनल पास, गोंदियाच्या एका तांदळाच्या गिरणीत काट्यावर असतो. शिकलेला असल्यामुळं, कारणाशिवाय जगात काही घडत नाही असं माझं ठाम मत होतं. ते मत मी गावात बऱ्याच लोकांना ऐकवलेलं आहे. आता ते लोक समोरून आले की मी रस्ता बदलतो.

२

चैतराम माझा थोरला भाऊ. बाबा गेल्यानंतर आमचं भांडण झालं ते पोळ्याला कोणाचा बैल तोरणाखालून आधी गेला यावरून. बैल दोन्ही बाबांचेच होते, पण भांडायला बसल्यावर एवढा बारीक विचार कोण करतो. शेत वाटलं, भांडी वाटली, शेवटी घर वाटायची वेळ आली.

हिरालाल पाटील पंच म्हणून आले. म्हणाले, "मधात एक भिंत घाला, झालं."

दादा म्हणाला, "भिंत कोनाच्या जागेवर उभी राहीन?"

मी म्हणालो, "माझ्या जागेवर तं नाही."

"माझ्याबी नाही."

आणखी एक अडचण होती. माजघराच्या बरोबर मधोमध आईचं जातं जमिनीत रोवलेलं होतं; आई बाबांच्याही आधी गेलेली. ते मला मिळू नये असं दादाला वाटायचं आणि दादाला मिळू नये असं मला. पाटलांनी वैतागून सुचवलं, वरचा दगड एकानं घ्या, खालचा दुसऱ्यानं. आम्ही दोघांनी त्यावर खरंच विचार केला, यावरून आमची अवस्था कळावी.

शेवटी दोघांनी दोन भिंती घातल्या. जात्याच्या इकडून माझी, तिकडून दादाची. आपलं बोलणं दुसऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून दोघांनीही आपापली भिंत पार कवेलूला भिडवली. घराची पुढची आणि मागची भिंत पहिल्यापासून अखंड होतीच. म्हणजे मधे, एक खाट कशीबशी मावेल एवढी सांद राहिली. तिला दार नाही, खिडकी नाही. आत जातं आणि काळोख. पाटील जाताना म्हणाले, "लेकहो, मानसं घर बांधतेत, तुम्ही कोनाडा बांधला." आम्हाला ते लागलं नाही.

लागलं ते पावसाळ्यात. सांदीवरचं छप्पर फेरायचं कोणी? दादा म्हणे उदारामनं, मी म्हणे दादानं. कोणीच फेरलं नाही. सांदीत पाणी उतरलं, माझी भिंत आतून भिजली, आणि श्रावणात तिचा एक ढेपळा प्रेमिलाच्या उशीवर पडला. प्रेमिला माझी बायको. तेव्हा ती दोन जिवांची होती. नशीब की त्या वेळी ती चुलीपाशी होती.

पहिलं बाळंतपण म्हणून ती सौंदडला माहेरी गेली. होळीच्या सुमारास मुलगी झाली, सुमित्रा. मी रेल्वेच्या छोट्या गाडीनं दर रविवारी जायचो, पोरीला मांडीवर घ्यायचो, आणि सासरे विचारायचे, "जावाईबापू, छत्री आनली का घरातली?"

प्रेमिलाचं म्हणणं साधं होतं. "भिंत कोरडी राहीन तं मी येतो. लेकराले मी त्या भिंतीखाली निजवनार नाही."

तिचं काही चुकत नव्हतं. माझं घर रिकामं पडलं होतं आणि संध्याकाळी परत यावंसं वाटत नव्हतं. त्या उन्हाळ्यात मला एकच गोष्ट हवी होती. ती भिंत कोरडी राहावी आणि माझी बायको-पोर माझ्या छपराखाली यावी.

३

वैशाखात मी कवेलू फेरायला काढली. खाली कमची धरायला शेजारचे बकाराम आले. बकारामदादा कामाला वाईट नाहीत, पण त्यांची विडी कामापेक्षा जास्त चालते. दुपारपर्यंत माझी बाजू झाली. ते आंघोळीला निघाल्यासारखे अंगणात गेले आणि आंब्याखालच्या खाटेवर आडवे झाले.

मी वरून पाहिलं. दादा आणि शकुंतलाबाई वहिनी सकाळीच बैलांचं खासर जुंपून गोरेगावच्या बाजाराला गेले होते. त्यांच्या दाराला कुलूप होतं. म्हटलं, हीच वेळ. मी गुपचूप सांदीवर सरकलो. दादाला कळलं असतं तर माझी हार झाली असती. फेरलं तर माझी जबाबदारी ठरली असती.

भराभर कवेलू लावत होतो. एवढ्यात गुडघ्याजवळून कमचीचं टोक वर आलं. मी तिथलं कवेलू बसवलं. टोक आत गेलं, हातभर पलीकडे निघालं. तेही बसवलं. मग तिसरीकडे. काम इतकं सुरेख चाललं होतं की मी खूश होऊन म्हणालो, "वा बकारामदादा. सकाळी हा हात कुठं गेल्ता?"

आंब्याखालून आवाज आला, "कोनाशी बोलून रायला गा उदाराम?"

मी वळून पाहिलं. बकारामदादा खाटेवर उताणे पडले होते आणि आमची कमची त्यांच्या छातीवर आडवी होती.

मी पुन्हा समोर पाहिलं. टोक होतं तिथंच होतं. हलत नव्हतं. वाट पाहत होतं, पण घाई नव्हती त्याला. आमची कमची जुनी, वाळून पिवळी पडलेली. ही हिरवी होती. नुकतीच बेटातून तोडल्यासारखी ओली.

अशा वेळी शिकलेला माणूस काय करतो ते मला माहीत नाही. मी ते कवेलू बसवलं. हातात घेतलेलं काम अर्धवट सोडायची मला सवय नाही. टोक आत गेलं आणि पुन्हा कुठंच निघालं नाही, कारण फट उरली नव्हती.

शिडी उतरेपर्यंत माझ्याकडे कारण तयार होतं. दादानं बाजाराला वहिनीला गड्याबरोबर धाडलं असणार आणि आपण कुलपाच्या आत राहिला असणार. आपल्या भिंतीला एक भोक पाडून तो सांदीत शिरला. त्यालाही ती भिंत भिजायला नको होती, पण वर चढला तर हार. म्हणून खालून मदत केली. आधी मला राग आला. मग, खरं सांगतो, राग गेला. थोरला तो थोरलाच, असं मनात आलं.

संध्याकाळी खासरावरून दादाच उतरला, बैल हाकत. मी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं ठरवलं.

४

पावसाळा पडला. मृग गेला, आर्द्रा गेली, धानाचे रोवणे झाले, भिंत कोरडी ठणठणीत. मी सौंदडला जाऊन सासऱ्यांसमोर छाती काढून बसलो आणि प्रेमिला-सुमीला घेऊन आलो. घरात पाळणा टांगला. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला पावसाळा, हे मी आजही म्हणेन.

एका दुपारी पाणी लागलेलं होतं. प्रेमिला तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "जाऊबाई एवढं काय दळते वो दिवसभर?"

मी ऐकलं. भिंतीपलीकडून जातं फिरल्याची घरघर येत होती. सावकाश, एका लयीत.

"दळत असतीन कायतरी."

"आपन भात खानारे लोक. त्याइच्या घरी दोन तोंडं. एवढं पीठ कायले?"

मी म्हणालो, "त्याइच्या घरातलं आपल्याले काय करायचं?" आणि विषय संपवला. वहिनीनं नवं जातं आणलं असणार हे मी मनाशी ठरवलं. सुमीला त्या आवाजाचा फार उपयोग व्हायचा. घरघर सुरू झाली की पोरगी पाळण्यात शांत पडून राहायची आणि झोपून जायची. लोकांची पोरं रात्रभर रडत, आमची नाही. प्रेमिला शेजारणींना सांगायची, माही पोरगी लय गुणाची.

एकदा मी भिंतीला कान लावला. घरघर थांबली. घरात कोणी आल्याची चाहूल लागली की दळणारी बाई हात थांबवते, तशी. मी मागं सरलो, दोन पावलं उगीच वाजवत गेलो. पुन्हा सुरू झाली.

उंदीर असतील, असं मी म्हणालो. प्रेमिलानं विचारलं, काय असतील? मी म्हणालो, काही नाही.

५

हिवाळ्यात आम्ही मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलो, तेही घरबसल्या. राज्य बदललं, थंडी बदलली नाही. पहाटे कवेलूवरून दव टपटप गळायचं. आतल्या धुरानं काळी झालेली कवेलू वरून गार आणि खालून घामेजलेली. धान कापून झालं की वानरं गावात शिरतात, म्हणून मी एका सकाळी वर चढून फुटकी कवेलू बदलली. माझ्या बाजूला चिक्कार फुटली होती. दादाच्या बाजूलाही. सांदीवर एकही नाही. तिथल्या कवेलूवर दवसुद्धा नव्हतं.

तेवढ्यात वानरांची टोळी आली. ती माझ्या पाख्यावरून धावत आली आणि सांदीपाशी आल्यावर प्रत्येकानं उडी मारून थेट दादाचं पाखं गाठलं. पोटाला पिल्लू लावलेल्या वानरीसुद्धा. वानरांना इतकी शिस्त मी आधी कधी पाहिली नव्हती. सरकारी शाळेतही नाही.

पौषात कडाका वाढला. गावभर लोक गोरसी पेटवून त्याभोवती बसत. आमच्या घरी गोरसी लागली नाही. ती भिंत ऊबदार होती. हात लावला की गायीच्या पोटाला हात लावल्यासारखं वाटायचं. आम्ही खाट भिंतीला चिकटवली, पाळणाही. सुमी रांगायला लागली होती. मोकळी सोडली की सरळ भिंतीशी जायची, गाल टेकवून बसायची आणि भिंतीशी काहीबाही बोलायची.

मी म्हणालो, वहिनींची चूल पलीकडे भिंतीला असणार.

प्रेमिला एके दिवशी विहिरीवरून आली ती घागर न उतरवताच दारात उभी राहिली. "जाऊबाई मले म्हनते, तुमच्या चुलीनं आमची भिंत गरम राह्यते, बरं होते. आपली चूल तं मागं पडवीत हाये."

"मग त्याइची..."

"त्याइचीबी मागंच हाये. मी पाहून आली."

मी शिकलेला माणूस आहे. मी म्हणालो, "भिंती मातीच्या असतेत. दिवसा ऊन पितेत." प्रेमिलानं भिंतीकडे पाहिलं. घराच्या ऐन मधल्या भिंतीला ऊन कुठून मिळतं, हे तिनं विचारलं नाही. ते तिचं भलेपण.

६

संक्रांतीला दादा माझ्या सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत आला. तीन वर्षांत पहिल्यांदा. हातात तिळाच्या लाडवांची थाळी. बसला, इकडंतिकडं पाहिलं, घसा साफ केला.

"उदाराम, तुनं लय चांगलं केलं. मी समजलो, पन बोललो नाही."

"मी काय केलं, दादा?"

"बोलू नको. समदं समजते मले. वैशाखात तू गिरनीत गेला असं समजून मी सांदीवर चढलो. म्हटलं, याले माहीत नाही व्हायचं. पाह्यतो तं सारं आधीच फेरलेलं. वावटळीनं दोन-चार फटी पडल्या होत्या त्या तुनं खालून कमची काढून दाखवल्या. मी मनात म्हटलं, मोठा कोन आन् लहान कोन." त्याचे डोळे भरून आले. "त्या दिसापासून माझ्या मनातला राग गेला. तुले भोक पाडाले लाज नाही वाटली, मले बोलाले वाटली."

माझ्या हातातला लाडू तसाच राहिला. "कोनतं भोक?"

"तुया भिंतीले पाडलं नाही का? सांदीत शिरायले?"

"दादा, मी तं समजत होतो की तुमी पाडलं. मी चढलो तवा तुमीच कमची दाखवली ना?"

"मी कायले दाखवू? मी बाजारात होतो."

"मीबी गिरनीतच होतो."

मी लाडू थाळीत परत ठेवला. आतून जात्याची घरघर येत होती. दादानं हळूच विचारलं, "सूनबाईच दळून रायली ना?"

त्याच वेळी प्रेमिला आतून चहा घेऊन आली. थोरल्या दिरासमोर, म्हणजे भासऱ्यासमोर, आमच्याकडे बाई थेट बोलत नाही. ती पदर ओढून माझ्याकडे पाहत म्हणाली, "त्याइले म्हना चहा घ्या. जाऊबाई आजच्या दिवशीबी दळतच बसल्या का?"

शकुंतलाबाई वहिनी अंगणात उभ्या राहून सुमीला खेळवत होत्या. दादानं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग चहा एका घोटात प्याला. चहा उकळता होता, त्याचं तोंड भाजलं असणार, पण तो म्हणाला, "चहा चांगला झाला," आणि उठला.

जाताना दारात थांबून मला म्हणाला, "कोनाले सांगू नको."

"काय सांगू?"

"तेच तं," दादा म्हणाला.

७

दोघांचं भांडण मिटलं म्हटल्यावर दोन्ही बायकांनी लगेच पुढचा बेत केला. आता भिंती कशाला? पाडा आणि माजघर मोकळं करा. सुमी आता पावलं टाकायला लागली होती, तिला धावायला जागा हवी.

दादा म्हणाला, पाहू. मी म्हणालो, पाहू. शिमग्याला विचारलं तेव्हाही पाहू. बायकांना वाटलं, भावाभावांच्या मनात अजून किल्मिष आहे. आमच्या मनात काय आहे हे आम्ही एकमेकांनाही सांगत नव्हतो. मळ्यात भेटलो की बैलांविषयी बोलायचो. एकदा मात्र दादा म्हणाला, "काही वाईट तं नाही ना केलं त्यानं?" मी म्हणालो, "नाही. उलट." मग आम्ही पुन्हा बैलांवर आलो.

वैशाख लागला तेव्हा प्रेमिलानं बांगड्या वाजवत सांगितलं, "कवेलू फेरा आन् लगेच भिंती पाडा. नाही पाडत तं मी पोरीले घेऊन सौंदडले चालली. भावाभावाच्या रुसव्यात मले राह्यचं नाही."

ती बोलते ते करते, हे मी एकदा भोगलं होतं. रिकामा पाळणा, सासऱ्यांची छत्री, संध्याकाळची ती वाट. मी हो म्हणालो. दादाही हो म्हणाला, पण त्याचा आवाज बसला होता.

८

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं भाऊ वर आणि दोन्ही बायका खाली, प्रेमिला माझ्या बाजूला, वहिनी दादाच्या बाजूला, कमच्या घेऊन. सकाळी माझं पाखं झालं, दुपारपर्यंत दादाचं. दोन्हीकडे पिवळ्या कमच्या वर येत होत्या, आत जात होत्या. खालून बायकांच्या गप्पा आणि हसणं ऐकू येत होतं. मला फार बरं वाटत होतं. असंच घर हवं होतं मला.

मग सांद राहिली. दादा म्हणाला, "जाऊ दे का?" मी म्हणालो, "पावसात भिजन." दोघं सरकत सरकत तिथं आलो. काही झालं नाही. आम्ही उगीच दोन कवेलू उचलून पुन्हा ठेवली. दादानं सुटकेचा श्वास टाकला. त्याच वेळी हिरवं टोक वर आलं.

 मी कवेलू बसवलं. टोक आत गेलं आणि थोडं पलीकडे निघालं. त्याच्या शेजारून दुसरं टोक आलं.

दुसरी काडी बारीक होती, वीतभरच दिसत होती, आणि डुलत होती. ती फटीतून आली नव्हती, नुसतीच दोन कवेलूंच्या मधे खुपसली होती. मोठी कमची सरकली, खऱ्या फटीतून निघाली आणि थांबली. लहान काडी आत गेली. जरा वेळानं मोठीच्या शेजारी, नेमकी त्याच फटीतून, डुलत डुलत वर आली.

दादा म्हणाला, "लहान कोन हाय गा?"

छप्पर तिथं जमिनीपासून दीड माणूस उंच आहे. लहान मुलाच्या हातातल्या काडीचं टोक कवेलूपर्यंत यायचं, तर ती धरणाऱ्याला कोणीतरी वर उचलून घेतलेलं असणार. हे मला फार सावकाश कळलं. मी ओरडलो, "प्रेमिला, सुमी कुठं हाये?"

"जाऊबाईजवळ."

पलीकडून वहिनींचा आवाज आला, "माझ्याजवळ कुठं? तुयाजवळच तं होती."

"तुमच्याकडं गेली ना ती मघाशी?"

"मले वाटलं तू आतून बोलावलं तिले."

मी कवेलू उपसू लागलो. दोन्ही हातांनी, मागं फेकत. दादाही. खापऱ्या अंगणात फुटत होत्या. मोठं भोक पडलं तरी आत उजेड गेला नाही. ऊन काठावरच थांबलं. आतून ऊब आली आणि ताज्या पिठाचा वास.

मी पालथा पडलो आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. देवाचं नाव घ्यायचं सुचलं नाही. पोरीला हाक मारली.

खासरावर बसलेल्याच्या हाती खालून मूल द्यावं, तशी ती माझ्या हातात दिली गेली. काखेत धरून, नीट, वजन तोलत. क्षणभर माझ्या बोटांना दुसरी बोटं लागली. कोरडी, खरखरीत, पिठानं माखलेली. माझी पकड बसेपर्यंत ती सुटली नाहीत. मग सुटली.

दादा माझ्या शेजारून आत वाकून पाहत होता. त्यानं पाहिलं. काय पाहिलं ते मी विचारलं नाही, कारण त्यानं मान वर काढली तेव्हा तो लहानपणी आईच्या मागं लपायचा तसा दिसत होता. त्यानं कवेलू ओढली आणि भोक बुजवायला लागला.

सुमी धडधाकट होती. कपाळाला पीठ लागलेलं, हात-पाय गरम. तिनं माझ्याकडे पाहिलं, त्या भोकाकडे पाहिलं आणि रडू लागली. भुकेचं रडणं नव्हतं, पडल्याचंही नव्हतं. दोन्ही हात खाली करून, माझ्या हातातून अंग सोडवून घेत ती रडत होती. मी गिरणीत गेलो तर ती माझ्यासाठी असं कधी रडली नव्हती. मला भीती वाटायला हवी होती. पण मला हेवा वाटला, आणि तो अजून गेलेला नाही.

खाली उतरल्यावर प्रेमिलानं पोरीला हिसकून घेतलं. "वर कशी गेली हे?"

दादानं रीत मोडली आणि तिच्याशी थेट बोलला. "शिडीनं चढली."

"तिले धड चालता येत नाही."

"चढता येते," दादा म्हणाला.

प्रेमिलानं आम्हा दोघांना जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मग विचारलं, भिंती कधी पाडता? आम्ही दोघं एका आवाजात नाही म्हणालो. वाटणीनंतर आमचं एकमत झालेलं ते पहिलंच.

तिनं बोलल्याप्रमाणे पेटी भरली. वहिनींनी समजावलं, मी हातापाया पडलो, ती ऐकेना. सुमीला कडेवर घेऊन ती स्टेशनच्या वाटेला लागली. मी पेटी घेऊन मागं. गाव सुटेपर्यंत पोरगी रडत होती. बोडीच्या, म्हणजे तळ्याच्या, पाळीवर तिचा श्वास अडकायला लागला, ओठ काळेनिळे झाले. प्रेमिलानं पाणी पाजलं, पाठ थोपटली, अंगाई म्हटली, शेवटी तीही रडू लागली. आम्ही परतलो.

घरी आल्यावर मीच सुमीला भिंतीशी नेऊन बसवलं. तिनं मातीला गाल टेकवला आणि गप्प झाली. प्रेमिला बराच वेळ माझ्याकडे पाहत होती. मग उठून तिनं पेटी उघडली आणि लुगडी पुन्हा खुंटीवर टांगायला लागली.

तेव्हापासून ती माहेरी जायचं नाव काढत नाही. बायको घरात आहे, पोरगी घरात आहे, छप्पर गळत नाही. मला हवं होतं ते सगळं मला मिळालेलं आहे, आणि मी त्याविषयी कोणाकडे तक्रार करू शकत नाही.